काचेच्या हॉटेलातल्या म्हस्केबाई

नगरच्या लोकांना कशाचं वावडं असेल, काही सांगता येत नाही. रस्त्यातले खड्डे चालतात, नळाला एक दिवसाआड पाणी आलं तरी चालतं, माळीवाड्याच्या स्टँडवर नाकाला रुमाल लावून एसटीची वाट बघत उभं राहणंही चालतं. पण एक बाई शनिवारी दुपारी एकटी हॉटेलात बसून कॉफी पिते, हे काही या गावाला चाललं नाही. अजूनही म्हस्केबाईंचा विषय निघाला की लोक डोळे बारीक करून मला विचारतात, "काय हो, एवढं काय होतं त्या कॉफीत?" स्टाफरूममध्ये माझी खुर्ची त्यांच्या शेजारी, त्या गणित शिकवायच्या आणि मी वर्षानुवर्षं मुलींना मराठी शिकवलं, म्हणून हा प्रश्न माझ्याच वाट्याला येतो. तर एकदाचं सांगून टाकते. त्या कॉफीत काही नव्हतं. कॉफी भिकार होती.

बाईंनाही ते माहीत होतं. "मला जीभ आहे, सुमन," त्या म्हणायच्या. "वर फेस, खाली करपट पाणी, आणि फेसावर चॉकलेटची पूड. पूड कशाला टाकतात ते त्यांनाही ठाऊक नाही." असं म्हणून त्या कप खाली ठेवायच्या आणि पुढच्या शनिवारी पुन्हा तिथंच जायच्या.

ते हॉटेल झालं नव्वदनंतर. सावेडीकडं बंगले उठायला लागले होते आणि गावात पैसा दिसायला लागला होता. मालक ट्रकच्या धंद्यातले. खाली गारेगार कॉफी शॉप, वर परमिट रूम, त्याच्याही वर लॉजिंग. मनमाड रोडच्या बाजूला जमिनीपासून छतापर्यंत नुसती काच. नाव इंग्रजी होतं, पण त्या भानगडीत न पडता गावानं त्याला काचेचं हॉटेल म्हणायला सुरुवात केली. आतले वेटर पाथर्डी-शेवगावकडचे, गळ्यात बो बांधलेले. बो टोचायचा म्हणून ते मान वाकडी करून ऑर्डर घ्यायचे. तिथल्या एका कपाच्या पैशात आमच्या अख्ख्या स्टाफरूमचा टपरीवरचा चहा झाला असता. हे आमचे पवार सर दर शनिवारी न चुकता ऐकवायचे.

पवार सर म्हणजे इतिहास शिकवणारे आणि वर ड्रिल घेणारे. मधल्या सुट्टीत शाळेसमोरच्या टपरीवर गेले की पुढचा तास अर्धा उलटल्यावर उगवायचे, तेही तोंडात तंबाखू धरून. त्याबद्दल कुणी कधी ब्र काढला नाही. पुरुषमाणूस आहे, चहाला जाणारच. बाईमाणूस मात्र कॉफीला गेली की ती नक्की कॉफीलाच जाते का, याचा तपास सुरू. वर परमिट रूम आहे म्हटल्यावर तर विचारूच नका. "कपात काय असतं ते आपण थोडंच बघितलंय," असं एकदा पवार सर माझ्यादेखत म्हणाले. म्हस्केबाई मागंच पेपर तपासत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "हं. पुढं."

हे 'हं, पुढं' त्यांचं ठेवणीतलं हत्यार. फळ्यापाशी गणित सोडवताना एखादी मुलगी अडखळली की त्या हेच म्हणायच्या, आणि तिथं त्यात धीर असायचा. मोठ्या माणसांना म्हणाल्या की समोरच्याचं पुढचं वाक्य घशातच राहायचं. एकदा गॅदरिंगला संस्थेच्या अध्यक्षांचं भाषण स्त्रीशक्तीवर चांगलं रंगात आलं होतं, तेव्हा पहिल्या रांगेतून शांतपणे 'हं, पुढं' ऐकू आलं. अध्यक्षांना पुढचं काही आठवेना. त्यांनी जय हिंद म्हणून टाकलं आणि आम्ही सगळ्यांनी सुटकेचा निःश्वास सोडून टाळ्या वाजवल्या.

बाई दिसायला उंच, सावळ्या, हाडापेरानं भक्कम. कडक इस्त्रीची सुती साडी आणि मनगटावर पुरुषी घड्याळ. लग्न केलं नव्हतं, आणि का केलं नाही असं विचारायची कुणाची छाती नव्हती. भिंगारला दोन खोल्यांत एकट्या राहायच्या आणि रोज लुनावरून शाळेत यायच्या. गणित असं शिकवायच्या की वर्गातली सगळ्यात मठ्ठ मुलगीही निदान रडायची थांबायची. मनात मात्र माणसांबद्दल फार अढी. कुणाची बुद्धी त्यांच्या पसंतीला उतरायची नाही, माझी तर नाहीच. "तुझ्या कवितेत सगळ्यांना फार दुःख असतं, सुमन. काही कामधंदा नसतो का त्यांना?" असं मला विचारायच्या. मलाही त्यांचा राग यायचा. खोटं कशाला सांगू, चांगलाच यायचा.

आता शाळेबद्दल एक गोष्ट सांगायला हवी, नाहीतर पुढचं कळणार नाही. आमची मुलींची शाळा भर रस्त्यावर. रस्त्याकडच्या सगळ्या वर्गांच्या खिडक्या खिळे ठोकून कायमच्या बंद केलेल्या. का, तर समोरच्या टपरीवर पोरं उभी राहून वर बघतात. पोरांना तिथून हटवावं, असं संस्थेतल्या एकाही शहाण्याला सुचलं नाही. खिडक्यांना खिळे मारले, झालं काम. मार्च-एप्रिलमध्ये नववी ब च्या मुली वह्यांनी वारा घेत भूमिती शिकायच्या आणि अधूनमधून एखादी चक्कर येऊन पडायची. मग तिला कांदा हुंगवायचा आणि पुढचं प्रमेय घ्यायचं. म्हस्केबाई त्या खिडक्यांकडं बघून म्हणायच्या, "हेड झाले की पहिल्या दिवशी हे खिळे काढणार. बाकी त्या खुर्चीचा मला काडीचा मोह नाही." आमच्या हेडबाई निवृत्तीला आल्या होत्या आणि सेवाज्येष्ठतेनं पुढचा नंबर म्हस्केबाईंचाच होता.

एका शनिवारी सकाळची शाळा सुटल्यावर त्या मला म्हणाल्या, "चल, तुला दाखवते मी काय पिते ते. उद्या साक्ष द्यायला उपयोगी पडशील." मी गेले. दार ढकलून आत पाय टाकला आणि जीव नुसता गारठला. मी पदर ओढून कोपऱ्यातल्या टेबलाकडं निघाले, तर त्यांनी दंडाला धरून मला खिडकीपाशी नेलं, तेही रस्त्याकडं तोंड करून. बाहेरून जाणारा येणारा वाकून बघत होता. शेजारच्या टेबलावर कॅम्पातल्या दोन मिलिटरी ऑफिसरांच्या बायका बिनबाह्यांच्या ब्लाउजमध्ये खिदळत होत्या, त्यांच्याकडं मात्र कुणी बघत नव्हतं. त्या बाहेरच्या ना, त्यांचं सगळं माफ.

"बाई, आत बसू या की," मी म्हटलं.

"आत मी एकदा बसलेय," त्या म्हणाल्या, आणि मग जे सांगितलं ते तेवढ्याच सपाट आवाजात सांगितलं.

या शाळेत मुलाखतीला त्या राहुरीकडच्या आपल्या गावाहून पहाटेच्या एसटीनं आल्या होत्या. पोटात काही नव्हतं. स्टँडजवळच्या एका हॉटेलात शिरून पहिल्याच टेबलावर बसल्या, तर पोऱ्या धावत आला. "ओ ताई, लेडीज तिकडं, फॅमिली रूममध्ये." मी एकटी आहे म्हणाल्या, तर तो म्हणाला, "एकट्या असल्या तरी फॅमिलीतच." फॅमिली रूम म्हणजे काय, तर एक पडदा. पडद्यामागं बटाट्याची पोती, आचाऱ्याचे ओले बनियन आणि एक डगमगतं टेबल. बाहेरच्या बाजूला हात धुवायचं बेसिन होतं, आणि हात धुतलेला प्रत्येक पुरुष त्या पडद्यालाच हात पुसून जात होता. बाईंनी मिसळ मागवली. ती आली नाही. त्यांनी हाक मारली, पुन्हा मारली. पडद्यामागून बाईचा आवाज येतो याचं बाहेर हसू व्हायला लागलं. शेवटी त्या उपाशीच उठून मुलाखतीला गेल्या.

"पहिला प्रश्न विचारला, घरी कोण कोण असतं," बाई म्हणाल्या. "मी म्हटलं, आधी पाणी द्या."

नंतर त्यांनी खिडकीबाहेर बोट दाखवलं. रस्त्यावर आमच्याच शाळेचे दोन पालक सायकल थांबवून बघत उभे होते. "इथं पडदा नाही. करपट पाणी पाजतात, पण मला दिसेल तिथं बसू देतात. या गावात दुसरं एक ठिकाण सांग, मी उद्यापासून तिथं जाते." मला सांगता आलं नाही. तुम्हालाही आलं नसतं, तेव्हा उगीच हसू नका.

गावाला हे कुठलं कळायला. बातमी राहुरीपर्यंत गेली आणि त्यांचा धाकटा भाऊ बाळू एका शनिवारी थेट शाळेच्या फाटकात येऊन उभा राहिला. डोक्यावर टोपी, पायांत चिखलानं भरलेल्या वहाणा.

"अक्का, लोकं काय बी बोलत्यात. मला तोंड दाखवायला जागा न्हाई ऱ्हायली."

"कोण लोकं?"

"समदीच."

"नावं सांग."

त्याला एकही नाव सांगता येईना. "चल, कॉफी पी," म्हणून बाईंनी त्याला लुनाच्या मागं बसवलं. मी रिक्षा करून मागोमाग गेले. हा तमाशा चुकवणं मला शक्यच नव्हतं. दारातला वेटर त्याच्या वहाणांकडं बघून घुटमळला, तर बाई म्हणाल्या, "शेतातून आलाय तो. चोरी करून नाही आला." बाळूनं एक घोट घेतला आणि तोंड वाकडं केलं. "ह्ये तर जळल्यालं हाय."

"आहे."

"मंग कशापायी पेती?"

"बसायला मिळतं म्हणून."

त्याला ते पटलं की नाही कोण जाणे. त्यानं आपली कॉफी बशीत ओतली आणि फुर्रकन ओढली. पलीकडच्या टेबलावर सावेडीतल्या कुणा व्यापाऱ्याच्या सुना बसल्या होत्या, त्या तोंडाला रुमाल लावून हसल्या. म्हस्केबाईंनी त्यांच्याकडं एकदा बघितलं. मग स्वतःची कॉफी बशीत ओतली आणि भावापेक्षा मोठ्यानं ओढली. मग मलाही ओतावी लागली. त्या भल्यामोठ्या काचेत, भर मनमाड रोडवर, आम्ही तिघं बशीनं कॉफी भुरकत बसलो होतो. जाताना बाळू म्हणाला, "जागा बेस हाय. गार हाय." पुढच्या महिन्यात तो बायकोला घेऊन आला. हिला बी दाखवायचं हुतं, म्हणाला. त्यानंतर त्याची तक्रार आली नाही.

राहुरीच्या शेतकऱ्याला जे एका बशीत कळलं, ते आमच्या संस्थेच्या कार्यवाहांना जन्मात कळणार नव्हतं. आप्पासाहेब त्यांचं नाव. पांढराशुभ्र सफारी, बोटांत अंगठ्या. भाषणात शुद्ध पुस्तकी मराठी, आणि चिडले की मूळ गावाकडची. त्यांनी म्हस्केबाईंना बोलावून घेतलं आणि मधाळ आवाजात सांगितलं, की मुलींच्या शाळेच्या मुख्याध्यापिकेनं उघड्यावर हॉटेलात बसणं शोभत नाही. ते तेवढं सोडा, खुर्ची तुमचीच.

बाई म्हणाल्या, "उत्तर आलं. कसं आलं ते दाखवा." मुलींनी नुसतं उत्तर लिहिलं की त्या असंच म्हणायच्या. आप्पासाहेबांना रीत दाखवता येईना. पण ते मोठे हुशार, निदान स्वतःच्या मते. त्यांनी काचेच्या हॉटेलाच्या मालकांना गाठलं. मालकांची मुलगी आमच्याच शाळेत आणि इमारत निधीला त्यांची देणगी. आठ-पंधरा दिवसांत कॉफी शॉपच्या आतल्या कोपऱ्यात मखमली पडदा लागला. हॉटेलाला फॅमिली रूम नव्हती, ती झाली. आप्पासाहेबांना वाटलं, आपण बाईंवर केवढे उपकार केले. हे मी थट्टेनं म्हणत नाही. माणूस खरोखरच खूश होता. पडद्यामागं बसा, तुमची कॉफीही राहील आणि शाळेची अब्रूही राहील, असा त्यांचा तोडगा. आणि नगरमध्ये काहीही नवीन झालं की उद्घाटन हे आलंच. तर फॅमिली रूमचं उद्घाटन ठरलं, आणि मानाच्या पाहुण्या म्हस्केबाई.

आदल्या दिवशी मी त्यांना सांगितलं, "बाई, ऐका माझं. बसा दोन महिने त्या पडद्यामागं. हेड व्हा, खिडक्या उघडा, मग हवं तिथं जाऊन बसा. मुलींचा तरी विचार करा." मला मनापासून वाटत होतं ते. नववी ब मधली एक मुलगी त्याच सकाळी माझ्या तासाला चक्कर येऊन पडली होती.

त्यांनी तपासलेल्या पेपरांचा गठ्ठा बांधला, गाठ दोनदा ओढली. मग म्हणाल्या, "पडद्यामागं बसलेल्या बाईला हे लोक खिडक्या उघडू देतील, असं वाटतं तुला?"

शनिवारी दुपारी आम्ही गेलो. आप्पासाहेब, कमिटीचे तिघं आणि मालक हार घेऊन उभे. लालभडक पडदा, खाली सोनेरी झालर, आत गोल टेबल आणि प्लॅस्टिकची फुलं. आप्पासाहेबांनी चकचकीत फरशीवर नारळ फोडला, पाणी सगळीकडं उडालं, आणि मान वाकडी केलेला एक वेटर फडकं घेऊन ते पुसायला लागला. काचेबाहेर गर्दी जमली होती. पवार सर त्यात पुढं.

"बाई, तुमच्या एकटीसाठी बघा एवढं केलं," आप्पासाहेब म्हणाले.

बाईंनी पडदा दोन बोटांत धरून बघितला. "कापड भारी आहे. आत किती माणसं बसतात?"

"सहा, आरामात."

"तुम्ही बसून बघितलंत?"

"छे छे. पहिला मान तुमचा."

"असं कसं? तुम्ही वडीलधारे. तुमच्याआधी मी बसू? बरं दिसेल का ते चारचौघांत?"

आता वडीलधारेपणाचा मान नाही म्हणून टाळायचा, हे आपल्याकडं कुणाला जमलंय? तुम्ही आधी, नाही तुम्ही आधी, असं थोडं झालं आणि आप्पासाहेब हसत आत गेले. मागोमाग ते तिघं, आणि मालकही. पाचही जण बसले. बाईंनी पडदा एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत नीट ओढून घेतला, झालर सारखी केली आणि मला घेऊन खिडकीतल्या आपल्या टेबलावर येऊन बसल्या. "दोन कॉफी," त्यांनी वेटरला सांगितलं.

आमची कॉफी आली. पडद्यामागं काही गेलं नाही. वेटरला वाटलं, आत मीटिंग चाललीय. आतल्यांना वाटलं, बाई ऑर्डर देऊन येतायत. बराच वेळ झाला तेव्हा पडद्यामागून आप्पासाहेबांचा आवाज आला, "अरे, कुनी हाय का तिकडं?" काचेबाहेरचे लोक हसले. पुन्हा हाक आली, जरा मोठी. लोक आणखी हसले. शेवटी पडद्याच्या फटीतून आप्पासाहेबांचं नुसतं डोकं बाहेर आलं. त्यांनी काचेबाहेरची गर्दी बघितली, खिडकीत कॉफी पिणाऱ्या बाई बघितल्या, आणि त्यांना जे कळायचं ते बहुतेक त्या क्षणी कळलं.

"हं," बाई म्हणाल्या. "पुढं."

डोकं आत गेलं. पाचही जण मागच्या बाजूनं, भटारखान्यातून बाहेर पडले. मला इतका आनंद झाला की ती करपट कॉफी मी तळापर्यंत प्याले. बाईंना मात्र झाला नव्हता. त्यांनी कप अर्धाच ठेवला. आपण काय घालवून बसलो, ते त्यांना माझ्या आधी कळलं होतं.

व्हायचं तेच झालं. नव्या वर्षी पवार सर 'तात्पुरते प्रभारी' मुख्याध्यापक झाले. मी म्हटलं, शिक्षणाधिकाऱ्यांकडं जा. गेल्या, अर्ज दिला. त्यांनी संस्थेचं म्हणणं मागवलं, आणि संस्थेनं ते पाठवायला बाईंच्या निवृत्तीपर्यंत वेळ घेतला. पवार सर शेवटपर्यंत तात्पुरतेच राहिले. मुलींच्या शाळेला मुख्याध्यापक म्हणून तंबाखू चघळणारा माणूस चालला, त्यात कुणाची अब्रू गेली नाही.

जूनमध्ये शाळा सुरू झाल्यावर एका सकाळी भूमितीच्या तासाला म्हस्केबाईंनी पर्समधून पक्कड काढली. मुलींना प्रमेय लिहायला सांगितलं आणि नववी ब ची एक खिडकी उघडायला घेतली. गंजलेले खिळे कर्रकर्र आवाज करत निघाले. वर्गात वारा आला. संध्याकाळी पवार सरांनी शिपायाला सांगून पुन्हा खिळे मारले. सकाळी बाईंनी ते पुन्हा काढले. संध्याकाळी ठोकायचे, सकाळी उपटायचे, हे वर्षानुवर्षं चाललं. नोटिसा आल्या, त्यांनी त्यावर सही केली आणि दुसऱ्या दिवशी पक्कड आणली. शनिवारी कॉफी शॉपमध्ये पैसे काढताना ती पक्कड आधी बाहेर यायची, आणि वेटर ती अदबीनं बाजूला सरकवून कप ठेवायचा. तो मखमली पडदा तोवर कळकट झाला होता. त्याच्या शेजारी बसवलेल्या नव्या बेसिनशी हात धुणारे गावचे सभ्य लोक त्यालाच हात पुसत होते.

बाई निवृत्त झाल्या तोही शनिवारच होता. शाल दिली, नारळ दिला. पवार सरांनी त्यांच्या शिस्तीबद्दल भाषण केलं आणि ते बाईंनी पुरतं ऐकून घेतलं, एकदाही 'पुढं' म्हणाल्या नाहीत. मला ते फार लागलं. समारंभ संपल्यावर त्या एकट्याच जिना चढून नववी ब मध्ये गेल्या, म्हणून मी मागून गेले. वर्गात शिपाई हातोडी घेऊन उभा होता. आता या बाई गेल्यावर खिडकी कायमची बंद करा, असा त्याला हुकूम होता. तो खिळा लावत होता आणि खिळा गळून पडत होता. त्यानं जागा बदलली, तिथूनही पडला.

"बाई, ह्यो आता खिळाच धरंना," तो म्हणाला. "चौकटीत लाकूड ऱ्हायलंय कुठं? समदी भोकंच हायेत."

बाईंनी चौकटीवरून हात फिरवला, वरपासून खालपर्यंत. पर्स खांद्याला लावली आणि खाली गेल्या.

मी तिथंच उभी राहिले. खाली त्यांनी शाल लुनाच्या बास्केटमध्ये कोंबली, वर नारळ ठेवला आणि गाडी सुरू केली. टपरीपाशी पोरं रस्ता अडवून उभी होती, हलेनात, तेव्हा त्यांनी तो लुनाचा केविलवाणा हॉर्न दाबून धरला, पोरं बाजूला होईपर्यंत सोडला नाही. मग मनमाड रोडच्या दिशेनं वळल्या. वळणापर्यंत त्या मला दिसत होत्या, कारण खिडकी उघडी होती.